विश्लेषण : न मोजलेल्या मृत्यूंचा आकडा येतो कुठून?

करोनाच्या २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात किती माणसे दगावली? सरकारी नोंदीनुसार सुमारे ४ लाख ८१ हजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार सुमारे ४७ लाख. जवळपास दहापट असलेल्या या तफावतीवरून २०२२ मध्ये मोठा वाद झाला. तो जितका राजकीय होता, तितकाच संख्याशास्त्रीयही होता. हा अंदाज ज्या ‘बेझियन’ पद्धतीने काढला गेला, तीच पद्धत आज हवेतील सूक्ष्म धूलिकणांचा नकाशा काढण्यापासून लशीची परिणामकारकता ठरवण्यापर्यंत अनेक ठिकाणी वापरली जाते. ही पद्धत काय आहे आणि तिच्यावर किती विसंबायचे, याविषयी…

वाद नेमका काय होता?

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२२ रोजी ‘अतिरिक्त मृत्यूं’चा अंदाज जाहीर केला. दोन वर्षांत जगभरात सुमारे १ कोटी ४९ लाख अतिरिक्त मृत्यू झाले, असे त्यात म्हटले होते. सर्व देशांनी कळवलेल्या करोना मृत्यूंची बेरीज तेव्हा ५४ लाखांच्या आसपास होती. अतिरिक्त मृत्यूंमध्ये भारताचा वाटा सर्वात मोठा, म्हणजे सुमारे ४७ लाख ४० हजार होता.

अतिरिक्त मृत्यू म्हणजे महासाथीच्या काळात सर्व कारणांनी मिळून झालेले मृत्यू वजा महासाथ आली नसती तर अपेक्षित असलेले मृत्यू. करोनाने गेलेला रुग्ण त्यात येतोच. पण खाट मिळाली नाही म्हणून हृदयविकाराने गेलेला आणि टाळेबंदीत डायलिसिस चुकल्याने गेलेला रुग्णही येतो. उलट, रस्ते ओस पडल्यामुळे टळलेले अपघाती मृत्यू त्यातून वजा होतात. त्यामुळे ४ लाख ८१ हजार आणि ४७ लाख हे आकडे एकाच गोष्टीचे नाहीत, हे आधी लक्षात घ्यायला हवे. तरीही तफावत इतकी मोठी होती की केवळ व्याख्येच्या फरकाने ती भरून निघणारी नव्हती.

अडचण अशी, की या वजाबाकीतील दोन्ही संख्या अनेक देशांकडे नव्हत्या. अपेक्षित मृत्यू हा तर अंदाजच असतो. पण १९४ सदस्य देशांपैकी जवळपास निम्म्या देशांकडे प्रत्यक्ष मृत्यूंची दरमहा राष्ट्रीय आकडेवारीही उपलब्ध नव्हती. ती पोकळी भरण्याचे काम संख्याशास्त्रज्ञांकडे आले. वॉशिंग्टन विद्यापीठातील प्राध्यापक जॉन वेकफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी बेझियन प्रारूप तयार केले.

बेझियन पद्धत म्हणजे काय?

आधी जे माहीत आहे, त्याला हाती आलेल्या नव्या पुराव्याची जोड द्यायची आणि आपले मत त्या प्रमाणात बदलायचे, हा या पद्धतीचा गाभा. आधीच्या माहितीला ‘पूर्वसंभाव्यता’ आणि पुराव्यानंतरच्या सुधारित मताला ‘उत्तरसंभाव्यता’ म्हणतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या आजाराची चाचणी १०० आजारी माणसांपैकी ९० जणांना अचूक पकडते आणि १०० निरोगी माणसांपैकी ५ जणांना चुकून आजारी ठरवते. एका गावात हा आजार शेकडा एकालाच आहे. तिथे सरसकट १,००० जणांची चाचणी केली, तर १० आजारी माणसांपैकी ९ सापडतील. पण ९९० निरोगी माणसांपैकी जवळपास ५० जणही ‘पॉझिटिव्ह’ निघतील. म्हणजे पॉझिटिव्ह अहवाल हाती आलेल्या ५९ जणांपैकी खरे आजारी फक्त ९, शेकडा १५ च्या आसपास.

आता हीच चाचणी दवाखान्यात ताप घेऊन आलेल्या अशा १,००० जणांची केली, ज्यांच्यात आजाराचे प्रमाण शेकडा ३० आहे. तिथे ३०० आजाऱ्यांपैकी २७० सापडतील आणि ७०० निरोगी माणसांपैकी ३५ चुकून पॉझिटिव्ह ठरतील. पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी खरे आजारी शेकडा ८८ हून अधिक. चाचणी तीच, अहवाल तोच, पण अर्थ वेगळा. कारण आधीची माहिती वेगळी होती. अनुभवी डॉक्टर अहवालाबरोबर रुग्णाची लक्षणे आणि गावातली साथ पाहतो, तेव्हा तो नकळत हेच करत असतो.

अडीचशे वर्षांपूर्वीची कल्पना आता का रुळली?

थॉमस बेझ हे अठराव्या शतकातले इंग्लंडमधील धर्मोपदेशक. त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये, त्यांचे मित्र रिचर्ड प्राइस यांनी त्यांचा निबंध रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आणला. पुढे फ्रेंच गणिती लाप्लास यांनी स्वतंत्रपणे तीच कल्पना मांडून तिला भक्कम गणिती रूप दिले. विसाव्या शतकात मात्र रोनाल्ड फिशर यांच्यासारख्या दिग्गजांनी तिला कडाडून विरोध केला. ‘आधीचे मत’ गणितात घेतले, तर त्यात संशोधकाचा कल शिरतो, हा मुख्य आक्षेप होता.

दुसरी अडचण आकडेमोडीची होती. शेकडो अज्ञात संख्या असलेल्या प्रारूपात उत्तरसंभाव्यता हाताने काढणे अशक्य होते. १९९० मध्ये ॲलन गेलफंड आणि एड्रियन स्मिथ यांनी एक मार्ग दाखवला. नेमके उत्तर सोडवण्याऐवजी संगणकाकडून हजारो शक्य उत्तरे यादृच्छिक पद्धतीने काढून घ्यायची आणि त्यांचा पसारा पाहायचा. त्याच सुमारास केंब्रिजमध्ये ‘बग्ज’ ही संगणकप्रणाली विकसित होत होती. त्यामुळे ही पद्धत आरोग्य आणि पर्यावरणाच्या अभ्यासकांच्या आवाक्यात आली.

१९९१ मध्ये ज्युलियन बेसाग यांनी सहकाऱ्यांसह रोगांचे नकाशे काढण्याचे प्रारूप मांडले. लहान गावात वर्षाला एक मृत्यू अपेक्षित असताना दोन झाले, तर नकाशावर ते गाव ‘दुप्पट धोका’ म्हणून लालभडक दिसते. प्रत्यक्षात तो योगायोग असू शकतो. बेसाग यांच्या प्रारूपात प्रत्येक भागाचा अंदाज आसपासच्या भागांकडे पाहून सावरला जातो. ज्याची स्वतःची माहिती तोकडी, तो शेजाऱ्यांकडून अधिक उसने घेतो. ज्याची माहिती भरपूर, त्याचा अंदाज फारसा हलत नाही.

भारताचा आकडा कसा काढला गेला?

ज्या देशांकडे काहीच आकडेवारी नव्हती, त्यांच्यासाठी इतर देशांच्या अनुभवावरून अंदाज बांधण्यात आला. त्यात चाचण्यांमधील बाधितांचे प्रमाण, कळवलेले करोना मृत्यू, निर्बंधांची तीव्रता, तापमान असे घटक वापरले गेले. भारतासाठी मात्र वेगळी वाट निवडली गेली. देशातील १७ राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतील मृत्यूंच्या नोंदी अभ्यासकांच्या हाती होत्या. काही राज्य सरकारांच्या अहवालांतून व संकेतस्थळांवरून, तर काही पत्रकारांनी माहिती अधिकारातून मिळवलेल्या. भारताचा अंदाज केवळ भारतातील माहितीवर आधारलेला आहे, इतर देशांवरून बेतलेले प्रारूप त्यात वापरलेले नाही, असे या अभ्यासकांनी नंतर शोधनिबंधात स्पष्ट केले.

यामागचा तर्क साधा होता. समजा, महासाथीपूर्वी देशातील दर १०० मृत्यूंपैकी ६० या राज्यांतील नोंदींत दिसत होते. महासाथीच्या एखाद्या महिन्यात याच राज्यांत ९० मृत्यू नोंदले गेले. राज्यांचा वाटा बदलला नसेल, तर देशातील मृत्यू १५० झाले असणार. हे आकडे केवळ समजावण्यासाठी आहेत. प्रत्यक्षात हा वाटा दरवर्षी थोडा मागेपुढे होतो, आणि प्रत्येक महिन्यात सगळ्या राज्यांची माहिती नव्हती. इथे बेझियन पद्धत कामी येते. वाट्यातील ही चढउतार ती गणितात धरते आणि एका आकड्याऐवजी हजारो शक्य आकडे काढते. त्यातून भारतासाठी सुमारे ३३ लाख ते ६५ लाख अशी कक्षा मिळाली. ४७ लाख हा तिच्या मधला आकडा.

सरकारचे आक्षेप काय होते?

केंद्र सरकारने हा अंदाज फेटाळला. देशात जन्म-मृत्यूंच्या नोंदणीची भक्कम व्यवस्था असताना गणिती प्रारूप वापरण्याचे कारणच नाही, असे सरकारचे म्हणणे होते. भारताला अपुरी आकडेवारी असलेल्या देशांच्या गटात का टाकले, संकेतस्थळांवरून आणि माध्यमांतून गोळा केलेली माहिती अधिकृत कशी मानली, एवढ्या मोठ्या आणि वैविध्याच्या देशाला एकच माप कसे लावले, असे प्रश्नही सरकारने विचारले. अहवाल येण्याच्या दोन दिवस आधी, ३ मे रोजी, सरकारने २०२० चा नागरी नोंदणी अहवाल जाहीर केला. त्यानुसार २०१९ मधील ७६ लाख ४१ हजारांवरून नोंदलेले मृत्यू २०२० मध्ये ८१ लाखांवर गेले होते. वाढ होती पावणेपाच लाखांची.

यातील काही आक्षेप बिनबुडाचे नव्हते. १७ राज्यांवरून देशाचा अंदाज बांधताना त्या राज्यांचा वाटा आणि नोंदणीचे प्रमाण फारसे बदलले नाही, हे गृहीत धरावे लागते. साथ एखाद्या राज्यात अधिक आणि दुसऱ्यात कमी पसरली असेल, तर हे गृहीतक डळमळते. पण दुसरी बाजूही होती. सर्वाधिक मृत्यू ज्या वर्षी झाले, त्या २०२१ चा नोंदणी अहवाल सरकारने तेव्हा प्रसिद्धच केला नव्हता.

शिवाय वेगवेगळ्या पद्धतींनी केलेले इतर अभ्यासही लाखांच्या घरातच पोहोचत होते. प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये जून २०२० ते जुलै २०२१ या काळासाठी ३२ लाख करोना मृत्यूंचा अंदाज मांडला होता. ‘लॅन्सेट’मधील अभ्यासाने दोन वर्षांसाठी सुमारे ४१ लाख अतिरिक्त मृत्यूंचा. आणखी एक पुरावा न्यायालयासमोर येत होता. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर करोनाने दगावलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपयांची मदत मिळू लागली. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातील अधिकृत मृत्यूंची संख्या १ लाख ४१ हजारांच्या घरात होती आणि मदतीसाठीचे अर्ज २ लाखांहून अधिक. त्यातले काही दुबार वा अपात्र असले, तरी अधिकृत यादीबाहेर अनेक कुटुंबे होती, हे त्यातून दिसले.

हवेच्या प्रदूषणात याचा काय संबंध?

मृत्यूंच्या नोंदींसारखीच पोकळी हवेच्या मोजणीत आहे. पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉनहून लहान धूलिकण, मोजणारी केंद्रे प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत. चुलीचा धूर, वीटभट्ट्या आणि शेतातला कडबा-पाचट जाळण्याने ज्या गावांची हवा बिघडते, तिथे बहुधा यंत्रच नसते. उपग्रहाला सगळा देश दिसतो, पण तो जमिनीलगतची हवा थेट मोजत नाही. वातावरणातील रासायनिक बदलांची संगणकीय प्रारूपे सर्वत्र आकडा देतात, पण त्यांतही त्रुटी असतात.

संख्याशास्त्रज्ञ गॅव्हिन शॅडिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी या तिन्ही स्रोतांची सांगड घालणारे बेझियन प्रारूप तयार केले. जगभरातील सुमारे सहा हजार केंद्रांच्या नोंदी त्यात आधार म्हणून घेतल्या. उपग्रहाचा आकडा आणि जमिनीवरचा आकडा यांचे नाते प्रदेशागणिक वेगळे असू शकते, हे प्रारूपाने मान्य केले. जिथे केंद्रे थोडी, तिथे शेजारच्या देशांकडून उसने घेतले, आणि अनिश्चितता तितकी मोठी दाखवली. विषुववृत्तावर साधारण ११ किलोमीटरच्या एकेका चौकोनासाठी अंदाज निघाला. जगातील ९२ टक्के लोकसंख्या प्रमाणाबाहेर प्रदूषित हवेत राहते, हे संघटनेने २०१६ मध्ये सांगितले ते याच कामाच्या आधारे. तेव्हा संघटनेची शिफारस वर्षाला सरासरी १० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर अशी होती. २०२१ मध्ये ती ५ वर आणली गेली. भारताचे मानक ४० आहे.

अशा पद्धतीत चुका होत नाहीत का?

होतात, आणि आकडेवारी उत्तम असलेल्या ठिकाणीही होतात. आरोग्य संघटनेच्याच अहवालात जर्मनीचे अतिरिक्त मृत्यू सुमारे १ लाख ९५ हजार दाखवले होते. जर्मनीत मृत्यूंची नोंद चोख आहे. पण २०१९ मध्ये तिथे मृत्यू किंचित घटले होते. प्रारूपाने त्या घसरणीलाच कल समजून पुढील वर्षांचे अपेक्षित मृत्यू कमी धरले. टीका झाल्यावर वेकफिल्ड यांच्या गटाने पद्धत सुधारली आणि जर्मनीचा आकडा १ लाख २२ हजारांवर आला. स्वीडनचा मात्र थोडा वाढला.

त्याआधीचे उदाहरण अमेरिकेचे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील फ्रान्चेस्का डोमिनिची, जोनाथन सॅमेट आणि स्कॉट झेगर यांनी ९० शहरांतील धूलिकण आणि रोजचे मृत्यू यांचा बेझियन पद्धतीने एकत्रित अभ्यास केला होता. हवेतील पीएम १० कण १० मायक्रोग्रॅमने वाढले की रोजचे मृत्यू ०.४१ टक्क्याने वाढतात, असा पहिला निष्कर्ष होता. २००२ मध्ये याच गटाच्या लक्षात आले, की वापरलेली संगणकप्रणाली आकडेमोड पूर्ण होण्याआधीच थांबत होती. फेरगणितात वाढ ०.२७ टक्के आणि दुसऱ्या पद्धतीने ०.२१ टक्के निघाली. उद्योगांनी आक्षेप घेण्याची वाट न पाहता संशोधकांनी ही चूक स्वतः जाहीर केली. परिणाम जवळपास निम्म्यावर आला, पण नाहीसा झाला नाही.

दोन्ही उदाहरणांत चूक सापडली, कारण गृहीतके, माहिती आणि गणित इतरांना तपासता येईल असे खुले होते. ‘आधीच्या मता’वरच्या जुन्या आक्षेपाला बेझियन अभ्यासकांचे उत्तरही हेच असते. गृहीतके प्रत्येक पद्धतीत असतात. इथे ती लिहून दाखवावी लागतात, आणि ती बदलून उत्तर किती हलते, हेही पाहता येते.

एक आकडा देण्याऐवजी कक्षा का?

फायझरच्या करोना लशीच्या चाचणीचा मुख्य निष्कर्ष बेझियन पद्धतीने काढला गेला होता. ४३ हजारांहून अधिक स्वयंसेवकांच्या या चाचणीत मोजणीस पात्र १७० जणांना करोना झाला. त्यातले १६२ जण लस न मिळालेल्या गटातले आणि ८ लस मिळालेल्या गटातले. लस ९५ टक्के परिणामकारक ठरली. सोबत दिलेली कक्षा होती ९०.३ ते ९७.६ टक्के. प्रारूप आणि गृहीतके मान्य केली, तर खरी परिणामकारकता या कक्षेत असण्याची शक्यता ९५ टक्के आहे, असा तिचा सरळ अर्थ.

लशीची कक्षा अरुंद आहे, कारण तिथे माणसे नीट मोजली गेली. भारतातील अतिरिक्त मृत्यूंची कक्षा ३३ ते ६५ लाख इतकी रुंद आहे, कारण तिथे नोंदी हाती नव्हत्या. त्यामुळे ४७ लाख हा आकडा एकटा उच्चारणे जसे चुकीचे, तसेच ‘अंदाज आहे’ म्हणून तो सोडून देणेही. त्या कक्षेचे खालचे टोकदेखील अधिकृत करोना मृत्यूंच्या जवळपास सातपट होते.

मग खरा आकडा आता कळला आहे का?

२०२१ चा नागरी नोंदणी अहवाल अखेर मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वर्षी देशात १ कोटी २ लाख मृत्यूंची नोंद झाली होती. आदल्या वर्षीपेक्षा ही संख्या २१ लाखांनी आणि २०१९ पेक्षा सुमारे २६ लाखांनी जास्त. त्याच वर्षातील अधिकृत करोना मृत्यू होते सुमारे ३ लाख ३० हजार.

दोन्ही वर्षांची २०१९ शी तुलना करून बेरीज केली, तर नोंदींतील वाढ ३० लाखांच्या थोडी वर जाते. पण यालाच अतिरिक्त मृत्यू म्हणता येणार नाही. नोंदणीचे प्रमाण आधीपासूनच वाढत होते आणि लोकसंख्येबरोबर काही वाढ एरवीही झाली असती. दुसरीकडे, अनेक मृत्यू कधी नोंदलेच गेले नाहीत. पहिले कारण आकडा खाली ओढते, दुसरे वर. म्हणजे नव्या माहितीने आरोग्य संघटनेचा मधला आकडा सिद्ध केलेला नाही. पण २०२० च्या अहवालातील पावणेपाच लाखांची वाढ महासाथीचे सगळे चित्र सांगत नव्हती, एवढे मात्र स्पष्ट केले. ही नवी माहिती गणितात घेऊन कक्षा पुन्हा काढणे, हेच बेझियन पद्धतीचे पुढचे पाऊल आहे.

त्यासाठी लागणारा कच्चा माल मात्र कोणत्याही विद्यापीठात तयार होत नाही. तो ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत आणि पालिकेच्या खिडकीवर तयार होतो. १९६९ च्या कायद्यानुसार मृत्यूची नोंद २१ दिवसांत करणे बंधनकारक आहे. तरीही २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले होते. आणि २०२१ मध्ये किती माणसे गेली, याचा सरकारी अहवाल यायला तीन वर्षांहून अधिक काळ लागला. पुढच्या साथीत हा आकडा काही महिन्यांत हाती आला, तर अंदाजाची कक्षा अरुंद होईल आणि खाटा, प्राणवायू, लस कुठे आधी पाठवायची, हे वेळेत ठरवता येईल.